मांडीवरचं सूप

शालनआक्का ध्यानाला बसायची तेव्हा मांडीवर सूप घ्यायची. सुपात तांदूळ असायचे. ते निवडायचे नसायचे, कारण ते केव्हाच निवडून झालेले होते. कित्येक आठवडे तेच तांदूळ ती सकाळ-संध्याकाळ मांडीवर घेत होती आणि त्यांत खडा औषधालासुद्धा उरला नव्हता. पण दारातून कुणी डोकावलंच, तर बाई काहीतरी करतेय असं दिसायला हवं होतं. नुसती बसलेली दिसता कामा नये, एवढंच त्या सुपाचं काम.

ध्यान शिकवणं हा माझा धंदा. शहरातल्या एका दवाखान्याच्या हृदयविभागात मी काम करायचे. अँजिओप्लास्टी, बायपास होऊन सावरत असलेल्या लोकांना गोल बसवायचं, श्वास कसा घ्यायचा, कसा सावकाश सोडायचा ते सांगायचं आणि थोडा वेळ डोळे मिटून गप्प राहायला लावायचं. गोळ्या डॉक्टरांच्या, पथ्य आहारवाल्या बाईंचं आणि शांतता माझ्याकडची, अशी आमची वाटणी. ध्यानानं बंद पडलेली शीर उघडते असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. पण जन्मभर ताणात राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उतरायला, झोप लागायला, उगीच होणारी धडधड कमी व्हायला त्याची मदत होते, हे मी रोज बघत होते. 'दिवसातला थोडा वेळ फक्त स्वतःसाठी काढा,' हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि ते मी अगदी मधाळ आवाजात म्हणायचे. शालनआक्कापुढे ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काहीतरी अचकट-विचकट बोलून गेले होते.

ती आमची शेजारीण. कसबा बावड्यात उसाचं रान मोडून ज्या नव्या इमारती उठल्या, त्यातल्या एकीत आम्ही राहायला गेलो. आमच्या गॅलरीतून समोर आक्काचं घर दिसायचं. पुढं कट्टा, कट्ट्याला लागून रस्त्याकडून उघडा सोपा आणि मागं म्हशींचा गोठा. साखर कारखाना सुरू झाला की मळीचा वास आणि गोठ्याचा वास एकत्रच आमच्या स्वयंपाकघरात यायचे. आल्या आल्या मी तिला "अहो आक्का" अशी हाक मारली, तर तिनं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. सगळी गल्ली तिला एकेरीत बोलवायची. मग मीही तसंच बोलायला लागले.

आक्का काळीसावळी, उंच, हाडापेरानं मोठी. बोलणं असं खणखणीत, की तिनं म्हशीला हाक मारली तर आमच्याकडचं मांजर उठून बसायचं. कोल्हापूरच्या बायकांसारखीच "आलो, गेलो" करत बोलायची. तिला बसलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. ती उकिडव्यानं जेवायची, तेही चुलीपाशी, दुसऱ्याला वाढता वाढता. आमच्या घरी खरवस घेऊन यायची आणि दाराच्या चौकटीला टेकून तास-तासभर बोलायची. मी म्हणायचे, "अगं, आत ये, बस की." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "बसाय न्हाई आलो बाय. हुबा हुबा सांगतो आनि जातो." असं म्हणून ती आणखी अर्धा तास उभी. रिक्षात बसली तरी सीटच्या कडेला, कुणी म्हटलंच तर उतरून ढकलायची तयारी ठेवून.

याच्या उलट तिचे यजमान, बापू. बापूंना बसण्याची लाज कधी वाटली नाही. ते बसण्यात पटाईतच होते. सकाळी चहा झाला की पांढरी टोपी घालून दूध संस्थेच्या कट्ट्यावर, दुपारी सोप्यात, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर. स्वभाव गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आक्का त्यांच्याबद्दल चुकून वाईट बोलली नाही. एकदा मी म्हटलं, "बापू धार काढत नाहीत का गं?" तर ती हसली. "म्हशीस्नी त्यांचा हात ठावा न्हाई," म्हणाली.

तो प्रकार झाला तेव्हा ती वैरण तोडत होती. छातीत आवळल्यासारखं झालं, जबडा दुखायला लागला, घाम सुटला. तिनं वैरण तोडून पुरी केली. धारा काढल्या. दूध संस्थेला घातलं. घरी येऊन किटली धुऊन पालथी घातली आणि मग मुलाला, सागरला, सांगितलं, "जरा छातीत धरल्यागत हुतंय रं." सागर शिरोलीला कारखान्यात नोकरीला. नशिबानं त्या दिवशी घरात होता. तिला मोटारसायकलवर मागं बसवून त्यानं आमच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी शिरेत स्प्रिंग बसवली.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर बावड्याहून टेंपो भरून माणसं आलेली. आक्काला खाटेवर पडून राहायला सांगितलं होतं. ती डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, दुखतंय. जवळ जाऊन विचारलं तर कुजबुजत म्हणाली, "ह्या समद्यास्नी जावा म्हन की बाय. थोरली मानसं हुबी हायीत आनि मी आडवी पसरल्याय. लाजनं मेल्यागत झालंय." तिला हृदयविकाराची भीती वाटत नव्हती. चुलत सासरे उभे होते आणि ती आडवी होती, हे तिच्या जिवाला लागलं होतं. त्याच क्षणी मी ओळखायला हवं होतं, की हे प्रकरण माझ्या मधाळ आवाजाच्या आवाक्यातलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, लोणचं-पापड बंद, रोज चालायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ शांत बसून श्वासाचा सराव करायचा, तो या मॅडम शिकवतील. रक्तदाब जुना होता, कुणी कधी मोजलाच नव्हता. आक्कानं सगळ्याला मान डोलावली. गोळ्या तिनं देवाच्या नेमानं घेतल्या. लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. चालायला मात्र ती रिकामी किटली हातात घेऊन निघायची. मी विचारलं, "अगं, किटली कशाला?" "मग? रिकाम्या हातानं फिरू व्हय रस्त्यानं? लोकं इचारत्यात, कुठं चाललीस. काय सांगू? कुठंच न्हाई?" ते बघून आमच्या गल्लीतल्या बायकांना बरेच दिवस वाटत होतं, की आक्काच्या म्हशी अचानक फार दूध देऊ लागल्या आहेत.

बसण्याचं मात्र जमेना. दवाखान्यातल्या माझ्या वर्गात ती आली. तिथं एक निवृत्त मामलेदार होते, ते डोळे मिटताच घोरायचे. एक बांधकामवाले होते, ते मिटल्या डोळ्यांनी खिशातला फोन चाचपायचे. मी सगळ्यांना सांगत होते, खांदे सैल सोडा, श्वास सोडताना लांब सोडा, मनात येईल ते येऊ द्या. एक डोळा किलकिला करून पाहिलं तर आक्का उठली होती आणि कोपऱ्यात पडलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. वर्ग सुटल्यावर मी रागानंच बोलले. ती खाली मान घालून म्हणाली, "डोळं मिटलं की समदं काम दिसतंय बाय. उघडं असलं की निदान हाताला लागतंय." पुढच्या खेपेला ती आलीच नाही.

मग मीच तिच्याकडे जायला लागले. गोठ्यात ती शेण भरायची आणि मी नाकाला पदर न लावण्याचा प्रयत्न करत दारात उभी राहायचे. असंच एकदा मी विचारलं, "आक्का, तुला बसायची एवढी लाज का वाटते गं? कुणी काही बोललं का कधी?"

"न्हाई बा. कोन बोलतंय?" ती म्हणाली. घमेलं भरून झालं. मग कंबरेवर हात ठेवून, जरा आठवून, हसत हसत सांगायला लागली. "नवी नवरी हुतो. सुगीचं दिस. दुपारच्याला जरा उंबऱ्यावर टेकलो. पाय भरून आल्तं. तेवढ्यात मामंजी भाईरनं आलं. मला बघितलं आनि म्हनालं, 'काम संपलं व्हय?'"

"मग?"

"मग काय? येवढंच. उठलो की."

"रागावले का ते?"

"छ्या! लई देवमानूस. पोटच्या पोरीगत बघितलं मला. सहजच इचारलं असंल. त्यास्नी आठवलंबी नसंल नंतर." तिनं घमेलं डोक्यावर घेतलं. "पर तवापास्नं उठल्यालोच हाय बघ."

सासरे कधीच गेले होते. सोप्यात त्यांचा हार घातलेला फोटो होता, मिशाळ आणि खरोखरच प्रेमळ दिसणारा. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर ही बाई भांडून मोकळी झाली असती. एका साध्या, मायेच्या माणसाच्या दोन-तीन शब्दांशी भांडणार कसं? मला त्या फोटोकडे बघवेना. वर्गात लोकांना 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणून सांगणारी मी, घरी सासूबाई आल्या की हातातलं पुस्तक उशीखाली सारत होते. ते आठवून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

सुपाची युक्ती तिची स्वतःची. एक दिवस सकाळी गॅलरीत आले तर आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, डोळे अर्धे मिटलेले. छाती सावकाश वर-खाली होत होती. रस्त्यानं कुणी गेलं की तिची बोटं तांदळात चालू व्हायची, पाऊल लांब गेलं की थांबायची. मला इतका आनंद झाला की मी दूध उतू घालवलं. हळूहळू तिचे डोळे पुरते मिटायला लागले. श्वास लांब झाला. तपासायला आली तेव्हा रक्तदाबाचा आकडा बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि माझी पाठ थोपटली. सुपाचं मी त्यांना सांगितलं नाही, आक्कानं तशी शपथच घातली होती.

एकदा तिला विचारलं, "काय वाटतं गं बसल्यावर?" ती इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "ग्वाड वाटतंय." आणि पदर तोंडाला लावून अशी लाजली, की नव्या नवरीलासुद्धा तसं जमणार नाही.

घोटाळा सागरनं केला. त्याचा हेतू चांगला होता. आईला जन्मात पहिल्यांदा अशी शांत बसलेली बघून त्याचा ऊर भरून आला. सकाळच्या उन्हात, डोळे मिटलेली, मांडीवर सूप, चेहऱ्यावर कधी न दिसणारा निवांतपणा. त्यानं गुपचूप फोटो काढला आणि फोनवर स्टेटस ठेवलं. 'माझी माऊली ध्यानात' असं वर लिहून, मागं बासरीची धून लावून. संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीनं ते पाहिलं. दूध संस्थेत बायका म्हणाल्या, "आक्का, साधू झालीस व्हय गं? आता दर्शनाला यावं लागतंय!" आक्का किटली तिथंच टाकून घरी आली. त्या रात्री त्यांच्या घरातून सागरचा आवाज आला नाही, फक्त आक्काचाच येत होता.

चेष्टा चार दिवसांत विरली असती. पण गल्लीच्या टोकाला गिरजा म्हातारी राहायची, आक्काची लांबची आत्या. तिला कुणीतरी तो फोटो दाखवला. तिला चेष्टा वगैरे काही कळली नाही. तिनं पाहिलं ते एवढंच, की बाई डोळे मिटून बसलीय आणि पुढ्यात सुपात तांदूळ आहेत. आमच्याकडं देवाचं बघणारी बाई अशीच बसते. दाणे पुढ्यात घेते, डोळे मिटते आणि अंगात आलं की सांगते. गिरजा म्हातारीनं सकाळी उठून डोक्यावरून पाणी घेतलं, नारळ आणि कुंकू घेतलं आणि आली.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आक्का सोप्यात नेमाला बसली होती. स्टेटस काढून टाकायला लावून तिनं पुन्हा सराव सुरू केला होता. म्हातारीनं नारळ तिच्या पुढ्यात ठेवला, पावलांवर कुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. आक्का ताडकन डोळे उघडून ओरडली, "आगं आत्या! काय करालीस? उट! माज्या पाया काय पडतीस?"

"बोल बाय," म्हातारी हात जोडून म्हणाली, "माज्या बाळूचं लगीन कवा जमनार?"

"मला काय ठावं?"

"तुला नसंल ठावं. तुज्या अंगात जी आलीया तिला इचार की."

"अंगात कोन न्हाई गं! डाक्टरनं सांगितलंय म्हनून बसलोय!"

"आसं सांगू नये म्हनत्यात, मला ठावं हाय," म्हातारी समजुतीनं म्हणाली आणि पुन्हा वाकली. बाळू हा तिचा नातू. जमीन होती, म्हशी होत्या, मुलगा निर्व्यसनी. पण शेतकरी म्हटलं की मुलीकडचे चहालाही थांबत नव्हते. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरली बाई पायाशी वाकलेली, येणारे-जाणारे बघतायत, त्या शरमेत आक्काच्या तोंडून निघून गेलं, "जमंल की गं, जमंल. उट आदी!"

आणि बाळूचं लग्न जमलं. नेसरीकडची मुलगी, तालेवार घर. म्हातारी पेढे घेऊन गल्लीभर हिंडली आणि प्रत्येक दारात आक्काचं नाव घेतलं.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला हसूही येतं आणि मान खालीही जाते. बिनलग्नाच्या पोरांच्या आया सकाळी सकाळी यायला लागल्या. बावड्यातल्या, मग शियेकडच्या, एक तर पन्हाळ्याच्या पायथ्याहून वडापच्या जीपनं. एकीनं आक्काच्या सुपातल्या तांदळांवर मुलाचा पासपोर्ट फोटोच ठेवला. आक्का हात जोडून सांगायची, मी बघत न्हाई, मला कळत न्हाई, मला हृदयाचं दुखणं हाय. जितकी नाही म्हणायची तितकी त्यांची खात्री पटायची. बापूंना यात काही वावगं दिसलं नाही. "नारळ तरी इकत घ्याय लागत न्हाई," एवढंच ते म्हणाले.

आक्का एक दिवस दुपारी आमच्या दारात आली. चौकटीला टेकली. रडलेली दिसत होती. "बाय, माजंच पोरगं बिनलग्नाचं फिरालंय आनि मी दुसऱ्यांची लग्नं जमवाय बसलोय. काल एक म्हातारी रडली माज्याजवळ. काय सांगू तिला? लबाड बाई झालो गं मी. कायबी न करता बसलो, त्येचं हे फळ." सूप दाखवून तिनं बसणं लपवलं होतं आणि त्याच सुपानं तिचा असा पंचनामा केला होता. मी पुष्कळ समजावलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून पाहिलं तर सूप भिंतीला उलटं टांगलेलं होतं आणि आक्का कोयत्यानं सपासप वैरण तोडत होती. आया येऊन रिकाम्या सोप्याला नमस्कार करून परत गेल्या. थोड्या दिवसांनी त्याही यायच्या थांबल्या. सूप मात्र भिंतीवरून उतरलं नाही.

मग तिला पुन्हा दुखलं. दूध संस्थेसमोर, भर गर्दीत. हातात भरली किटली होती. ती रस्त्यावरच बसली. लोक धावले. मी नेमकी पाव घ्यायला गेले होते, मीही धावले. चेहरा पांढराफटक, घाम निथळतोय. माझा हात घट्ट धरून ती सभोवतालच्या लोकांना सांगत होती, "बसलो न्हाई. जरा किटली ठेवलीया. बसलो न्हाई हां." दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या तोंडात तेच होतं.

या वेळी शीर बंद झालेली नव्हती, पण रक्तदाब भलताच वर गेला होता. डॉक्टर मुळात मऊ बोलणारे, ते त्या दिवशी कठोर झाले. गोळ्या वाढवल्या आणि म्हणाले, "औषधं त्यांचं काम करतील. पण ह्या क्षणभर थांबणार नसतील, तर पुढच्या वेळी त्या माझ्यापर्यंत पोचतील असं मला सांगता येत नाही." ते मला सांगत होते, आक्का ऐकत होती. तिनं पदर चेहऱ्यावर ओढला.

घरी आल्यावर मी हट्टाला पेटले. "दार लावून बस," म्हटलं.

"दिवसाढवळ्या दार लावून बसल्याली बाई? लोकं काय म्हनतील?"

"मग गोठ्यात बस. तिथं कोण येतंय?"

"तिथं म्हशी बघत्यात."

"म्हशींची कसली लाज?"

"त्यास्नी वाटतंय, धार काढाय आली. वाट बघत्यात बिचाऱ्या. मी आपली डोळं मिटून बसायचं व्हय त्यांच्याम्होरं?"

माझा संयम सुटला. शांतता शिकवणारी बाई मी, पण गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "म्हणजे काम करता करता मेलीस तर चालेल, बसून जगलीस तर चालणार नाही, असंच ना आक्का?"

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. प्रश्न खरोखर विचारला असावा तसा तिनं त्यावर विचार केला. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "व्हय. तसंच हाय बघ." आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली आणि मी सामानाच्या खोक्यांत बुडून गेले. निघायच्या आदल्या दिवशी आक्का तुपाचा डबा घेऊन आली. दाराच्या चौकटीला टेकली. मी म्हटलं, "आता तरी बस की गं, उद्या चालले मी." ती आत आली. बांधलेल्या एका खोक्याच्या कडेवर क्षणभर टेकली, लगेच उठली. जाता जाता जिन्यात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यो श्वास... सोडताना लांब सोडायचा न्हवं?"

"हो. सावकाश."

"सूप नसलं तरी चालतंय न्हवं?"

"चालतं की."

"बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो भरून झाला होता. मी रिकाम्या घरातून शेवटची फिरत गॅलरीत आले. गल्ली पुरी जागी झालेली. पोरं शाळेला निघालेली, बायका नळावर, माणसं किटल्या घेऊन संस्थेकडं चाललेली. धारांची वेळ, म्हणजे आक्काच्या दिवसातली सगळ्यांत घाईची वेळ. आणि आक्का बसली होती. सोप्यात नव्हे, पुढच्या कट्ट्यावर, रस्त्याला तोंड करून. मांडी घातलेली, हात मांडीवर, हातांत काहीच नाही. डोळे मिटलेले. येणारे-जाणारे थबकून बघत होते. तिला ते दिसत नव्हतं, पण कळत असणार, कारण तिचे कान लालबुंद झाले होते. लाज गेली नव्हती. लाजेसकट बसली होती बाई. मी शिकवलेलं काही तिथं नव्हतं, एक सावकाश श्वास सोडला तर. मला तिथं उभं राहून बघण्याचीच लाज वाटली, पण हलवेना.

तेवढ्यात बापू आले. टोपी, हातात वर्तमानपत्र. गोठ्यात म्हशी हंबरत होत्या. बापू कट्ट्यापाशी थांबले, बायकोकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं, काळजीनंच म्हणावं तसं, विचारलं, "काम संपलं व्हय?"

आवाज त्यांचाच होता, पण मी सोप्यातल्या त्या फोटोकडे पाहिलं. आक्काचा श्वास मधेच अडलेला मला वरून दिसला. आता ती उठणार, मी मनात म्हटलं. उठलीच म्हणायची.

"न्हाई संपलं," आक्का डोळे न उघडता म्हणाली.

बापू उभेच. आधी त्यांना वाटलं असावं की वाक्य अजून व्हायचंय. मग त्यांनी गोठ्याकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. वर मान करून गॅलरीत मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. हातातल्या वर्तमानपत्राचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते आणि टोपी कट्ट्यावर ठेवून, धोतराचा काचा मारून ते खाली मान घालून गोठ्यात गेले.

थोड्याच वेळात बादली लवंडल्याचा मोठा आवाज झाला. पाठोपाठ बापूंची शिवी. म्हशीला त्यांचा हात ठाऊक नव्हता. आक्काच्या पापण्या हलल्या. उजवा हात सरकून गुडघ्यावर आला आणि घट्ट टेकला, उठताना टेकतात तसा. मी कठडा धरून उभी. गोठ्यात बादली पुन्हा सरळ केल्याचा आवाज आला. बापू म्हशीला काहीतरी गोडीनं सांगत होते.

आक्काचा हात गुडघ्यावर तसाच होता. तिनं एक लांब श्वास सोडला. उठली नाही.

खाली टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी कुलूप लावून खाली उतरले. तिला हाक मारली नाही. टेंपो गल्लीच्या टोकाला वळताना मागं पाहिलं, तर ती बसलेली होती.